अभ्यास करविणारा अग्नी

फाल्गुनाचा शुद्ध पक्ष लागला की आमच्या वाईच्या आळ्यांतून मुलांची एक टोळी पोते घेऊन हिंडू लागते. होळीसाठी गोवऱ्या मागणे हा त्यांचा वंशपरंपरागत अधिकार. आमच्या बालपणी तो आम्हीही बजावला आहे, आणि मागून मिळाले नाही तेथे न मागताही बजावला आहे. त्याचा तपशील सणाच्या पानावर नको. गेल्या वर्षी ही टोळी आमच्या दाराशी आली तेव्हा देण्यास घरात एकही गोवरी नव्हती. गोठा मोडून आता पंचवीस वर्षे होऊन गेली. आम्ही मुलांच्या हाती थोडे पैसे ठेवले. ते घेऊन ती बाजारात गेली आणि सुतळीने बांधलेला पाच गोवऱ्यांचा गठ्ठा विकत घेऊन आम्हांस दाखविण्यास परत आली. त्यांतल्या एका लहानग्याने गोवरी नाकाशी नेऊन हुंगली आणि विचारले, "आजोबा, शेण जळतं कसं?"

आम्ही त्यास काहीतरी उत्तर दिले. ते त्याला पुरले असावे, कारण तो लगेच पळाला. आम्हांस मात्र ते पुरले नाही. ज्या अग्नीभोवती आपण नारळ घेऊन प्रदक्षिणा घालतो, ज्यात पुरणपोळीचा नैवेद्य अर्पण करतो, त्या अग्नीचे मुख्य खाद्य काय, ते येते कोठून आणि त्याचे मोल कोण चुकविते, याचा विचार होळीच्या दिवशी तरी व्हावा असे वाटले. शिवाय या विषयात आमच्याकडून पूर्वी एक अपराध घडला आहे. त्याचा उच्चार केल्याशिवाय आम्हांस या विषयावर लिहिण्याचा अधिकार नाही. तो पुढे येईलच.

आमच्या मातोश्री गोवऱ्या थापीत तो प्रसंग डोळ्यांपुढे आहे. पहाटे गोठ्यातले शेण पाटीत भरून परसात आणावयाचे, त्यात कडब्याचा बारीक चुरा व गव्हाचा भुसा घालून ते पायाने तुडवावयाचे, आणि मग एकेक गोळा उचलून भिंतीवर असा मारावयाचा की तो सुटूही नये आणि पसरूही नये. प्रत्येक गोवरीवर पाच बोटांचा ठसा उमटे. तीन-चार दिवसांनी ती भिंतीवरून उपटून उन्हात उलटी करावयाची. मृगाच्या आत सगळ्या गोवऱ्या रचून हुडवा उभा करावयाचा आणि त्यालाही बाहेरून शेणानेच लिंपावयाचे, म्हणजे पावसाळाभर आतली गोवरी कोरडी राहते. ओल्या शेणात पाच भागांतील जवळजवळ चार भाग पाणी असते. ते सूर्यनारायण नेतो. उरतो तो जनावराने रवंथ करून पिठासारखा बारीक केलेला, पण पूर्ण न पचलेला चारा. त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच की जळते ते शेण नव्हे, जळतो तो गाईने चघळलेला कडबा, आणि कडब्यात साठलेले ऊन.

असा हा अग्नी आपल्या शास्त्रांस चांगला परिचित आहे. वाळलेल्या शेणास संस्कृतात 'करीष' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो खुद्द पाणिनीच्या एका सूत्रात आला आहे. त्या सूत्राच्या विवरणात वृत्तिकारांनी 'करीषंकषा' असे वावटळीचे एक नाव साधून दाखविले आहे: वाळके शेण खरवडून नेणारी ती. चैत्रातल्या दुपारी माळावर उठणारी वावटळ ज्याने पाहिली असेल त्यास या एका शब्दात सारा माळ दिसेल. याहून मौज पतंजलींच्या महाभाष्यात आहे. प्रयोजक क्रियापदाचे, म्हणजे 'करणे' आणि 'करविणे' यांतील भेदाचे विवेचन करताना भाष्यकार विचारतात की, 'करविणारा' हा सचेतनच असला पाहिजे काय? आणि स्वतःच उत्तर देतात की तसे मुळीच नाही. भिक्षा माणसास एका गावी राहविते, आणि निवाऱ्याच्या जागी नीट पेटलेला गोवऱ्यांचा अग्नी विद्यार्थ्याकडून अध्ययन करवितो. भिक्षेच्या उदाहरणाचा अर्थ कीर्तनकारास समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याचा अर्थ आम्ही वेदपाठशाळेत असताना अंगाने अनुभवला. पौषातल्या पहाटे कृष्णेवरून येणारा वारा हाडांत शिरे. लाकडाची शेगडी पेटविली तर क्षणात भडका, क्षणात निखारा, आणि धड्यापेक्षा लक्ष जाळाकडेच. गोवरीचे तसे नाही. ती ज्वाळा दाखवीत नाही, तडतडत नाही. एकदा धरली की कडेकडेने आत पेटत जाते आणि दोन-दोन तास सारखी ऊब देत राहते. गुरुजी समोर नसले तरी तो अग्नी आम्हांस पाटापाशी बसवून ठेवी. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वैयाकरणाने हे पाहिले होते, आणि व्याकरण शिकविण्यास त्याला याहून सोज्ज्वळ उदाहरण सुचले नाही.

या मंद व सम उष्णतेचे मर्म आमच्या वैद्यांनीही ओळखले होते. धातूंची भस्मे करताना द्यावयाचे पुट ते रानात आपोआप वाळलेल्या शेणींनी देत, आणि किती शेणींचे पुट म्हणजे किती उष्णता याचा त्यांचा हिशेब ठरलेला असे. आठ शेणींचे ते कपोतपुट, आणि शेकडो शेणी खड्ड्यात रचून द्यावयाचे ते गजपुट. उष्णतामापक यंत्र नसताना त्यांनी गोवरीलाच माप केले! स्वयंपाकघरातही तेच. विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजले तरच आतपर्यंत शिजतात आणि वरून करपत नाहीत. चुलीच्या वैलावर गोवरीच्या धगीवर दिवसभर ठेवलेल्या दुधास जी तांबूस साय येते, तिची चव ज्यांच्या जिभेवर आहे त्यांस आम्ही अधिक काय सांगावे?

गोवरीच्या पंक्तीला बसणारी शेतातली इतर जळणेही आहेत. जेथे जे पिकते तेथे त्याचे उरलेले जळते. वऱ्हाडात कपाशीच्या पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुरकाठ्या, मक्याची बुरकुंडे, भुईमुगाची टरफले. आमच्या वाई भागात होळीच्या सुमारास हळद निघते. मोठ्या कढईत ती शिजविताना खाली उसाचे पाचट आणि हळदीचाच वाळका पाला जळतो, आणि सारा शिवार त्या वासाने भरून जातो. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत, आणि त्याच उसाचे वाळलेले चिपाड काहिलीखालच्या चुलवाणात. उसाने आपल्याच देहाच्या अग्नीवर स्वतःचा गूळ करून घ्यावयाचा, हा दृष्टान्त आम्ही कीर्तनात अनेकदा सांगितला आहे. साखर कारखान्यांत हेच मोठ्या प्रमाणावर चालते. गाळलेल्या उसाच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग चिपाडाच्या भुश्याचा असतो. तोच बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात, त्या वाफेवर कारखाना चालतो, आणि कित्येक कारखाने उरलेली वीज बाहेर विकतात. शेतातच राहिलेल्या पाचटाची मात्र गती बरी नव्हे. एका हेक्टरात सुमारे १० टन पाचट उरते आणि खोडवा लवकर फुटावा म्हणून पुष्कळ शेतकरी ते जागेवरच पेटवून देतात. त्यात ना भाकरी भाजते ना रस आटतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या संस्थेने या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या करण्याची रीत बसविली, आणि तीस २००२ साली इंग्लंडमधील ॲशडेन पारितोषिक मिळाले. संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळविली तर 'आरती' असा शब्द होतो, हे भाविक वाचकांस आवडेल.

असो. येथवर या अग्नीची स्तुती झाली. आता त्याचा खर्च.

शेण हे भूमीचे अन्न आहे. ते चुलीत गेले म्हणजे भूमीच्या ताटातले गेले. राखेत पालाश आणि चुना राहतो, स्फुरदही राहते, पण नत्र धुराबरोबर आकाशात जाते. आणि ज्यापासून मातीला भुसभुशीतपणा व ओल धरण्याची शक्ती येते तो सेंद्रिय अंश तर समूळ नाहीसा होतो. हे काही आजचे ज्ञान नव्हे. डॉ. व्होल्कर नावाचे एक इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सरकारने १८८९ साली हिंदुस्थानात पाठविले होते. येथील शेती सुधारावी कशी याची चौकशी त्यांनी गावोगाव हिंडून केली आणि १८९३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. साहेबलोकांत तेव्हा सरसकट समज असा की येथला शेतकरी अडाणी, त्याला खताची किंमत कळत नाही, म्हणून तो शेण जाळतो. व्होल्कर साहेबांनी सांगितले की शेतकऱ्याला ती पुरती कळते. जाळावयास लाकूड नाही म्हणून तो शेण जाळतो. सबब गावाजवळ जळणासाठी झाडे वाढवा, मग शेण आपोआप शेतात जाईल. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाने आमच्या कुणब्याच्या शहाणपणाची दिलेली ही ग्वाही आम्हांस फार मोलाची वाटते.

दुसरा खर्च घरातला, आणि तो स्त्रीने चुकविला. साध्या चुलीत जळणातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास लागतो. बाकीचा भिंतींना, छपराला आणि फुंकणी धरणाऱ्या बाईच्या तोंडाला. गोवरी पूर्ण जळत नाही म्हणून तिचा धूर लाकडाच्या धुराहून दाट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातल्या अशा धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. फुप्फुसांचे विकार, हृदयाचे विकार, डोळ्यांतले मोतीबिंदू यांचा या धुराशी संबंध वैद्यकाने निश्चित केला आहे. आमच्या मातोश्री साठीनंतर पोथी वाचीत नसत, ऐकत असत. आम्ही ती त्यांची श्रवणभक्ती समजत होतो.

मग शेण जळावे की शेतात जावे, हा तंटा सुटण्यासारखा नाही काय? आहे, आणि त्याची युक्ती बरीच जुनी आहे. हवाबंद खड्ड्यात शेण व पाणी समभाग कालवून ठेवले की त्यातले सूक्ष्म जीव त्याचे पचन करतात. जणू गाईच्या पोटातले काम पुढे चालू राहते. त्या पचनातून मिथेन नावाचा वायू निघतो. निळ्या ज्योतीने जळणारा, धूर नाही, काजळी नाही. खाली उरते ती पातळ स्लरी. तिच्यात शेणातील जवळजवळ सर्व नत्र शाबूत असते आणि ती सरळ शेतात जाते. भूमीचे ताट भूमीला आणि चुलीचे चुलीला! मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात मैल्यापासून असा वायू जमा करून वापरल्याची नोंद १८९७ सालची आहे. शेणाचा संच दिल्लीतील कृषिसंशोधकांनी १९३० नंतरच्या दशकात अभ्यासिला. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचा 'ग्रामलक्ष्मी' हा नमुना सिद्ध केला आणि १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगाव नेला. आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापिला आणि सोनखताचे व गोबरगॅसचे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. तत्त्वज्ञानाचा हा प्राध्यापक मैला उचलीत होता, आणि त्यात त्याला विटाळ दिसत नव्हता. ही गोष्ट आम्ही तरुणपणी ऐकली होती, समजली नव्हती.

हिशेब मोठा उद्‌बोधक आहे. २५ किलो ओले शेण घ्या. त्याच्या गोवऱ्या केल्या तर वाळून सुमारे ५ किलो भरतात. तेच शेण संचात घातले तर सुमारे एक घनमीटर गॅस मिळतो, आणि त्या गॅसने स्वयंपाकाचे जे काम होते त्यास चुलीत १२ किलोंहून अधिक गोवऱ्या लागतात. म्हणजे शेण तेवढेच, काम दुपटीहून जास्त, आणि खत वर शिल्लक. एका मोठ्या जनावराचे दिवसाचे शेण सुमारे १० किलो धरतात. चार-पाच जनावरे असली तर दोन घनमीटरांचा संच आणि एका कुटुंबाचा स्वयंपाक निघतो.

आता तो अपराध.

१९८६ साल असावे. आम्ही सत्तावीस वर्षांचे होतो. नुकतीच व्याकरणाची मोठी परीक्षा उत्तीर्ण झालो होतो, आवाज चांगला होता, आणि कीर्तनास आमंत्रणे येऊ लागली होती. शास्त्र थोडे आणि त्याचा ताठा पुष्कळ, असे ते वय. कृष्णाकाठच्या एका गावी होळीच्या उत्सवात आमचे कीर्तन होते. तेथील एका शेतकरी कुटुंबात त्या वर्षी शासनाच्या योजनेतून गोबरगॅसचा संच बसला होता. दोन बैल, दोन म्हशी, एक गाय. सून माहेरी हा संच पाहून आलेली; तिच्याच आग्रहावरून तो बसविला होता. गावात मात्र चर्चा वेगळी. घरच्या देवाला दाखवावयाचा नैवेद्य कुजलेल्या शेणाच्या वायूवर शिजवावा काय? कीर्तनाच्या आधी कोणी तरी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला.

आम्ही ग्रंथ पाहिला नाही. थांबून विचारही केला नाही. पूर्वरंगातच त्या प्रश्नाला हात घातला, टाकीचे आणि तिच्यातल्या वासाचे हुबेहूब सोंग आणले, आणि देव नाकाला पदर लावून बसला आहे असा अभिनय केला. मंडप हसून लोळला. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांच्या भरात आम्ही निर्णय देऊन टाकला की असा नैवेद्य देवाला चालत नाही. मग अभंग उचलला आणि उत्तररंगात शिरलो. दुसऱ्या दिवशी बिदागी घेऊन वाईला परतलो आणि ती गोष्ट विसरलो.

२०२२ साली त्याच गावी पुन्हा कीर्तनाचा योग आला. छत्तीस वर्षांत गाव बदलले होते. फराळाला आम्हांस ज्या घरी नेले तेथे एक वृद्धा ओसरीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, जाड चष्मा, आणि दर चार वाक्यांनी खोकला. त्यांनी आम्हांस ओळखले, आम्ही त्यांस नाही. त्याच त्या घरच्या सूनबाई. त्यांनी जे सांगितले ते रागाने सांगितले असते तर आम्हांस सोसणे सोपे गेले असते.

"बुवा, तुम्ही गेलात आणि दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी शेगडी उचलून माळ्यावर टाकली. देवाला एक आणि माणसांना एक असा दोनदा स्वयंपाक कोण करणार? सगळंच चुलीवर आलं. दोन पावसाळ्यांत टाकी गंजली. भंगारवाल्यानं नेली तेव्हा मी परड्यात उभी होते."

आम्ही म्हणालो, "वहिनी, त्या वेळी तुम्ही एक शब्द बोलला असता तर..."

"मी? मी तेव्हा पंचवीस वर्षांची नव्हते. आणि तुम्ही शिकलेलं माणूस. तुमच्या शब्दापुढं माझ्या शब्दाला कोण विचारतंय?"

यानंतर पुष्कळ वर्षांनी त्या घरी सिलिंडर आला. तोवर डोळे आणि छाती यांचे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. मोतीबिंदू वयानेही होतो, सगळाच दोष धुराचा नसेल, असे आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनी आमची समजूत घालण्यासाठी सांगितले. आम्ही ते ऐकले. पण त्या घरातले चुलीचे कोनाडे आम्ही पाहिले होते. वरची तुळई काळी कुळकुळीत होती.

घरी परतल्यावर आम्ही ग्रंथ उघडले, जे छत्तीस वर्षांपूर्वी उघडावयास हवे होते. पहिली गोष्ट अशी की गोमय अपवित्र म्हणणारे वचन आम्हांस सापडेना. ते पंचगव्यातले, भूमी सारविण्याचे, स्वतःच शुद्ध करणारे द्रव्य. दुसरी, अग्नीचे एक नावच 'पावक', पवित्र करणारा. गोवरीच्या अग्नीवर नैवेद्य चालतो तर त्याच शेणाच्या वायूवर का चालू नये, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि नाही. कुजणे म्हणाल, तर दुधाचे दही होते तेही सूक्ष्म जीवांचेच काम, आणि देवाला दह्याचे वावडे असल्याचे कोणी ऐकले नाही.

तिसरी गोष्ट मात्र आम्हांस वर्मी लागली. जैमिनींच्या मीमांसेत पहिल्या अध्यायाचा तिसरा पाद रूढी आणि स्मृतिवचने प्रमाण केव्हा मानावीत याच्या विचाराला वाहिलेला आहे. योग असा की त्याच पादात होळीची, होलाकेची चर्चा आहे. पूर्वेकडचे लोक हा उत्सव करतात, मग तो त्यांच्यापुरताच की सर्वांचा, असा तेथला प्रश्न, आणि सर्वांचा असे उत्तर. आम्ही होलाकेसाठी ते पान काढले आणि त्याआधीचे एक छोटे सूत्र वाचून थबकलो. एखाद्या वचनामागे लोभासारखे उघड लौकिक कारण दिसत असेल तर ते वचन प्रमाण नव्हे, असा त्याचा भाष्यानुसार आशय. भाष्यकारांनी दिलेले उदाहरण यज्ञातील वस्त्र आपल्या पदरात पडावे या लोभाचे आहे. आमचा लोभ वस्त्राचा नव्हता. टाळ्यांचा होता. आमच्या त्या रात्रीच्या निर्णयास अप्रमाण ठरविणारे सूत्र आम्हांस विद्यार्थिदशेत मुखोद्गत होते!

पुढच्या वर्षीच्या होळीस आम्ही त्या गावी न बोलाविता गेलो आणि त्याच देवळात कीर्तनाची अनुज्ञा मागितली. पूर्वरंगात हे सर्व जसेच्या तसे सांगितले. या वेळी टाळी पडली नाही. एका वयस्कर गृहस्थाने मध्येच उभे राहून विचारले, "मग तेव्हा तसं का सांगितलं?" आम्ही म्हणालो, "तुम्ही हसत होता म्हणून." तो गृहस्थ खाली बसला. सूनबाई देवळात नव्हत्या. रात्रीची हवा त्यांना सोसत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आज हा प्रश्न असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: गोबरगॅसवर शिजलेला नैवेद्य नि:शंक अर्पण करावा. ज्यांना हा संच बसवावयाचा आहे त्यांना व्यवहारातल्या चार गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. पूर्वी बसविलेले कितीतरी संच बंद पडले, ते काही सर्व कीर्तनकारांमुळे नव्हेत. लोखंडी टाकीस वेळोवेळी रंग दिला नाही की ती गंजते. थंडीत गॅस कमी येतो. शेणाइतकेच पाणी रोज लागते, आणि दुष्काळी गावात तेच नसते. आणि मुख्य म्हणजे ट्रॅक्टर आला, बैल गेले, शेण आटले. १९८४ साली आलेल्या 'दीनबंधू' नमुन्यात टाकी जमिनीखाली विटांच्या घुमटाची असते, तीत गंजण्यासारखे काही नाही. पण घुमट बांधणारा गवंडी जाणता हवा, नाही तर गॅस झिरपतो. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरी सिलिंडर पोहोचला हे खरे, तरी तो पुन्हा भरून आणण्याइतके पैसे हाताशी नसले की सूनबाई पुन्हा चुलीपुढे बसते. जेथे दोन-तीन जनावरे आहेत, तेथे हा प्रश्न गोठ्यातच सुटण्यासारखा आहे.

आणि होळीच्या गोवऱ्यांचे काय, असे कोणी विचारील. त्या असाव्यात. वर्षातून एक दिवस, उघड्या आकाशाखाली, जेथे धूर कोणाच्या डोळ्यांत कोंडला जात नाही, तेथे पाच गोवऱ्या जाळाव्यात. लाकूड मात्र तोडू नये. दुसऱ्या दिवशी कपाळी लावून उरलेली राख परसातल्या झाडांच्या आळ्यांत घालावी. तिच्यातले पालाश त्यांना लाभते.

त्या घरी आता दोन गाई व एक म्हैस आहे. सूनबाईंच्या मुलाने गेल्या दिवाळीनंतर परड्यात, जुन्या टाकीच्या जागेपासून चार हात सोडून, घुमटाचा संच बांधून घेतला. पहिला गॅस आला त्या दिवशी त्याने आम्हांस फोन केला होता. आईने दुधाचे आधण ठेवले आहे एवढेच सांगितले. परवा त्या गावचा एक मनुष्य वाईच्या बाजारास आला तो एक पिशवी आमच्याकडे ठेवून गेला. पोरांच्या होळीसाठी, असा निरोप होता. आत पाच गोवऱ्या आहेत. आम्ही त्या माडीच्या कट्ट्यावर उन्हात मांडल्या आहेत. प्रत्येकीवर पाच बोटांचा ठसा आहे, त्यांतल्या करंगळीचा जरा वाकडा.